फोटो आमचा होता, पत्ता तिचा निघाला

निळीशाई (धागाकर्ती):

मंडळी, हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. जिच्याबद्दल लिहितेय तिची परवानगी घेतली आहे, आणि तिची ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळले आहेत.

माझी एक जवळची मैत्रीण. एका माणसाच्या पाठलागापायी तिने नोकरी बदलली, घर बदललं, नंबर बदलला, सोशल मीडियावरची सगळी खाती बंद केली. जवळजवळ वर्षभर काही त्रास झाला नाही. मग एका सुट्टीच्या सकाळी आम्ही सहाजणी तिच्या नव्या घराजवळ भेटलो. एकीने सगळ्यांचा फोटो काढला, तिथूनच टाकला आणि खाली ठिकाणाचं नाव जोडलं. मैत्रीण फोटोच्या कडेला अर्धवट दिसत होती. तिला टॅग केलं नव्हतं, टॅग करायला तिचं खातंच नव्हतं. चौथ्या दिवशी तो माणूस त्याच भागात तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

ती सुखरूप आहे. पुढे काय झालं ते तिचं तिच्यापाशी राहू दे. मला आमच्याबद्दल बोलायचंय. फोटो टाकणारी निष्काळजी मुलगी नाही, आणि तिला आधीचं सगळं माहीत होतं. फक्त त्या क्षणी तिच्या डोक्यात 'मी आज कुठे आहे' एवढंच होतं, 'माझ्या शेजारी कोण उभं आहे' हे नव्हतं. माझ्याही नव्हतं. त्या फोटोला मी बदाम दिला होता, तिचा कोपऱ्यातला चेहरा बघूनसुद्धा.

'माझं लोकेशन, माझी मर्जी' असं आपण सहज म्हणतो. पण मी जिथे आहे तिथे माझ्याबरोबर आणखी कोणीतरी असतंच ना? तुम्ही घरात, मित्रांत याबद्दल काही ठरवलंय का? आणि समोरच्याला न दुखावता 'नको' कसं म्हणता? मला सगळ्यात अवघड तेच वाटतं.

होकायंत्र:

ताई, वाचून सुन्न झालो. मैत्रिणीला माझ्याकडून धीर सांगा.

माझं काम नकाशे आणि मोजणीचं, म्हणून थोडं त्या बाजूने लिहितो. बऱ्याच जणांना वाटतं की जीपीएस चालू असलं की उपग्रह आपल्याला बघत असतो. तसं नाही. उपग्रह फक्त वेळ आणि स्वतःची जागा प्रसारित करतात आणि फोन ते ऐकतो. किमान चार उपग्रहांचे सिग्नल मिळाले की आपण कुठे आहोत याचं गणित फोन स्वतःच करतो. मे २००० पर्यंत सर्वसामान्यांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असायची, ती तेव्हा काढून टाकली. आज मोकळ्या आकाशाखाली साधा फोनही पाचेक मीटरपर्यंत नेमकी जागा सांगतो. ही जागा बाहेर जाते ती नंतर, एखादं अ‍ॅप ती मागतं, आपण 'परवानगी द्या' दाबतो आणि अ‍ॅप ती इंटरनेटवरून पाठवतं तेव्हा. म्हणजे गळती आकाशात नाही, आपण दिलेल्या परवानगीत आहे.

नेमकेपणा म्हणजे किती, तेही सांगतो. अक्षांशाच्या आकड्यात दशांशचिन्हापुढे दोन अंक असले तर साधारण एक किलोमीटरचा अंदाज येतो, म्हणजे वस्ती कळते. तीन अंक असले तर शंभरेक मीटर, गल्ली कळते. चार असले तर अकरा मीटर, म्हणजे इमारत. पाच असले की एक मीटर. हवामान सांगणाऱ्या अ‍ॅपला वस्ती पुरते, मग त्याला इमारत का द्यायची? आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून 'अचूक' ठिकाण बंद करून 'अंदाजे' ठिकाण देता येतं. प्रत्येक अ‍ॅपला वेगवेगळं देता येतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण मी विचारलेल्या दहांपैकी एखाद्यानेच ते केलेलं असतं.

सरळमार्गी:

धागाकर्तीच्या मैत्रिणीबद्दल वाईट वाटलं. पण हे प्रकरण अगदी वेगळं आहे. ज्यांच्या मागे कोणी नाही, ज्यांना लपवण्यासारखं काही नाही, त्यांनी एवढं कशाला घाबरायचं? शिवाय कंपन्यांकडे जी माहिती जाते तिच्यात आपलं नाव नसतं, असं त्या लिहून देतात.

होकायंत्र:

नाव नसतं हे बऱ्याचदा खरं असतं, पण त्याने फारसं वाचत नाही. रात्री एक ठिपका कुठे थांबतो आणि दिवसा कुठे थांबतो एवढं पाहिलं की घर आणि कामाची जागा मिळाली. या दोन जागा समान असलेली माणसं किती सापडतील?

यावर २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सुमारे १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या १५ महिन्यांच्या नोंदी, नावं काढून टाकलेल्या. त्यातही जागा जीपीएसची नव्हती, मोबाइल टॉवरची होती, म्हणजे ढोबळच. तरी एखादा माणूस कोणत्या वेळी कुठे होता असे फक्त चार ठिपके माहीत असले, तर ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे काढता येत होते. आता विचार करा, आपण स्वतःहून वर्षाला किती ठिपके टाकतो? नाव, वेळ आणि फोटोसकट.

आणि 'लपवण्यासारखं काही नाही' याबद्दल. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये एक सायकलस्वार व्यायामाची नोंद ठेवायला अ‍ॅप वापरायचा. एका घरात चोरी झाली त्या दिवशी तो तासाभरात तीनदा त्या घरावरून गेला होता, कारण त्याचा नेहमीचा फेराच तो होता. पोलिसांनी त्या वेळी त्या घराच्या आसपास कोणते फोन होते याची माहिती गूगलकडे मागितली आणि २०२० च्या जानेवारीत त्याला गूगलची ईमेल आली की तुमची माहिती पोलिसांना द्यावी लागणार आहे. त्याला वकील करावा लागला, तेव्हा कुठे संशय दूर झाला. त्याने लपवण्यासारखं काहीही केलेलं नव्हतं.

पहाटपावलं:

मी गेली अकरा वर्षं धावतोय. धावपटूंच्या या बाजूचं कोणी लिहिणार नाही म्हणून लिहितो.

स्ट्राव्हा या अ‍ॅपने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगाचा एक नकाशा काढला होता. सुमारे १०० कोटी व्यायामांच्या वाटा त्यात उजळून दाखवल्या होत्या, एकाचंही नाव नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की अफगाणिस्तान, सीरियासारख्या देशांत अंधाऱ्या नकाशावर मधेच काही ठिकाणी नीटस रेषा चमकतायत. ते लष्करी तळ होते. सैनिक कुंपणाच्या आतून धावत होते आणि कुंपणाचा आकार जगाला दिसत होता.

पण धागाकर्तीच्या मुद्द्याशी जास्त जुळणारी गोष्ट २०२४ ची आहे. ल मोंद या फ्रेंच वृत्तपत्राने राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षारक्षकांची याच अ‍ॅपवरची खाती शोधली. राष्ट्राध्यक्ष स्वतः काहीच टाकत नव्हते. रक्षक सकाळी हॉटेलपासून धावायला निघायचे आणि नोंद सार्वजनिक असायची, त्यावरून राष्ट्राध्यक्ष कुठे उतरणार किंवा उतरलेत हे कळत होतं. ज्यांच्याभोवती एवढा पहारा, त्यांचं ठिकाण शेजारच्या माणसाच्या व्यायामातून बाहेर पडलं. आमच्या धावण्याच्या ग्रुपमध्ये मी हे वाचून दाखवलं, तेव्हा पहिल्यांदा लोक गप्प झाले.

एक व्यावहारिक गोष्ट. घराभोवतीचा काही भाग नकाशातून लपवायची सोय असते, ती जरूर वापरा. पण घर बरोबर मध्यावर ठेवून वर्तुळ आखलं आणि रोज वेगवेगळ्या दिशांना धावलात, तर सगळ्या रेषा घरापासून सारख्याच अंतरावर तुटतात. त्या तुटलेल्या टोकांवरून वर्तुळ काढणं शाळेतल्या भूमितीचं काम आहे. म्हणून मी नोंदच घरापासून लांब, एका चौकातून सुरू करतो आणि खातं फक्त ओळखीच्यांना दिसेल असं ठेवतो. पूर्वी वेळही अभिमानाने दाखवायचो, 'रोज पहाटे पाच दहा'. आता नाही. माझी मुलगी त्या वेळी घरात एकटी असते, हे मी जगाला सांगत होतो.

दोन_पोरांची_आई:

सगळं पटतंय, तरी माझी बाजू ऐका. माझी थोरली सोळाची आहे. क्लास सुटायला उशीर होतो. ती निघाली, पोचली, कुठे अडकली हे मला फोनवर दिसतं म्हणून मी घरी बसून श्वास घेऊ शकते. खाजगीपणा मोठा की पोरीचा जीव? माझ्याजागी असाल तर तुम्ही काय कराल?

अर्धीवाट:

काकू, मी एकोणीस वर्षांची आहे. तुमच्या मुलीच्या बाजूने लिहू का? रागावू नका.

माझी आई माझं लोकेशन दोन वर्षं बघायची. सुरुवातीला मला बरं वाटायचं. मग घरी आल्यावर प्रश्न सुरू झाले. त्या रस्त्याने का आलीस? तिथे वीस मिनिटं काय करत होतीस? मी काही वाईट करत नव्हते, मैत्रीण रडत होती म्हणून जिन्यात बसले होते. पण ते मैत्रिणीचं दुःख होतं, मी ते आईला कसं सांगणार? शेवटी मी फोन लायब्ररीत ठेवून जायला लागले. स्क्रीनवर मी अभ्यास करत असायचे. एका संध्याकाळी बाहेर माझा अपघात झाला, किरकोळच, पण हातात फोन नव्हता आणि आई मला लायब्ररीत बघत होती.

त्यानंतर आम्ही दोघी बोललो. आता नऊच्या पुढे बाहेर असले तर मी स्वतः तासाभरासाठी लोकेशन पाठवते. बाकी वेळी ती बघत नाही. फोन मात्र आता माझ्याकडेच असतो, नेहमी.

दोन_पोरांची_आई:

बाळा, रागावले नाही. 'मैत्रीण जिन्यात रडत होती' हे वाक्य दुपारपासून डोक्यातून जात नाहीये. मी पण विचारते असे प्रश्न. आज थोरलीशी बोलते.

सांजवारा:

मी बहात्तर वर्षांचा, एकटा राहतो. मुलगा परगावी. त्याने सुचवलं होतं की बाबा, तुमचं ठिकाण मला कायम दिसू दे. मी नाही म्हटलं. त्याला वाईट वाटलं, मलाही वाटलं. मग आम्ही मधला रस्ता काढला. फिरायला निघताना मी व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवतो. त्यात पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास एवढेच पर्याय आहेत. मी एक तास निवडतो. तासाने ते आपोआप बंद होतं, लक्षात ठेवून बंद करावं लागत नाही. मला त्यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडली.

देतो तो मी देतो. हे वय झाल्यावर लोक बऱ्याच गोष्टी तुम्हाला न विचारता ठरवू लागतात, म्हणून मला याचं मोल वाटतं.

सावली_नको:

इथे नवीन आयडी घेऊन लिहितेय. कारण समजेलच.

लग्नानंतर नवऱ्याने मागितलं म्हणून लोकेशन चालू केलं. त्यानेही त्याचं दिलं होतं, बरोबरीचं वाटलं. वर्षभरात मी त्याचं कधी उघडूनही पाहिलं नाही, आणि तो माझं दिवसभर बघत होता. 'त्या वळणावर बारा मिनिटं का थांबलीस?' एकदा बंद केलं, तर त्या रात्री जे झालं ते लिहीत नाही.

ज्या कोणी आज त्या जागी आहेत त्यांच्यासाठी एवढंच. रागाच्या भरात एकदम बंद करू नका. समोरच्याला लगेच कळतं आणि तोच क्षण सगळ्यात धोक्याचा असू शकतो. आधी विश्वासातल्या माणसाशी किंवा मदत करणाऱ्या संस्थेशी बोला, आणि तेही दुसऱ्याच्या फोनवरून. निघायची तयारी झाली की मग बंद करा. आयफोनमध्ये २०२२ पासून 'सेफ्टी चेक' आहे, कोणाकोणाला काय दिसतंय ते त्यात एकत्र कळतं आणि एका झटक्यात तोडता येतं. आणि फोनशिवायही शोधता येतं हे विसरू नका. किल्ल्यांना लावायचे ते छोटे ब्लूटूथ टॅग पर्समध्ये, गाडीत टाकले जातात. मे २०२४ पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर, अनोळखी टॅग आपल्याबरोबर फिरत असेल तर सूचना येते. ती आली तर दुर्लक्ष करू नका.

मी आता सुरक्षित आहे.

निळीशाई (धागाकर्ती):

सावली_नको, तुम्ही लिहिलंत, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद माझ्या मैत्रिणीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तिला सांग, मी पण आहे."

कवडसा:

थोडं वेगळं. लोकेशनचा टॅग काढला की झालं असं समजू नका. २०१९ मध्ये जपानमध्ये एका तरुण गायिकेचा पाठलाग करणाऱ्याला पकडलं. तिने ठिकाण टाकलेलंच नव्हतं. तिच्या सेल्फीत डोळ्यांच्या बाहुल्यांमध्ये रेल्वे स्टेशनचं प्रतिबिंब होतं. ते त्याने मोठं करून गूगलच्या रस्त्यांच्या चित्रांशी ताडून पाहिलं आणि स्टेशनवर तिची वाट बघत थांबला. पडदे, खिडकीत येणारा उजेड यावरून घर कोणत्या मजल्यावर आहे तेही त्याने शोधलं होतं.

फोटोच्या फाइलमध्येही अक्षांश-रेखांश असतात. २०१२ मध्ये जॉन मॅकॅफी, अँटिव्हायरस सॉफ्टवेअरमुळे नाव झालेला उद्योजक, पोलिसांपासून लपत फिरत होता. त्याच्यासोबत असलेल्या पत्रकारांच्या मासिकाने त्याचा फोटो टाकला आणि फाइलमधल्या आकड्यांवरून तो ग्वाटेमालात आहे हे सगळ्यांना कळलं. पुन्हा तेच बघा, फोटो दुसऱ्याने काढलेला. मोठ्या सोशल साइट्स आता दाखवताना ही माहिती काढून टाकतात, व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तरी ती जाते. पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, किंवा ईमेलने, तर सगळं तसंच राहतं. घर विकायचे, वस्तू विकायचे फोटो लोक असे बिनधास्त पाठवतात.

सरळमार्गी:

मग करायचं तरी काय? डोळ्यातलं प्रतिबिंबही वाचलं जाणार असेल तर काळजी घेऊन उपयोग काय? (वाद घालायचा म्हणून नाही, खरंच विचारतोय.)

निळीशाई (धागाकर्ती):

दादा, मला वाटतं, त्या माणसाला त्यासाठी कष्ट करावे लागले. माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत काहीच करावं लागलं नाही, आम्ही आयतं हातात दिलं. एवढी मेहनत करणारे थोडेच असतात. बाकीच्यांचं काम अवघड केलं तरी पुष्कळ झालं.

आमच्या सहाजणींत काय ठरलंय ते सांगते, पटलं तर घ्या. फोटो काढल्यावर तो सगळ्यांना दाखवायचा आणि 'टाकू का?' असं विचारायचं. कोणी मान हलवली तर कारण विचारायचं नाही. ठिकाणाचं नाव त्या जागेवरून निघाल्यावर टाकायचं, आणि जिथे आपण रोज किंवा दर आठवड्याला जातो त्या जागेचं कधीच नाही. सहलीला एकदा गेलो, परत आलो, ते टाकलं तर फारसं बिघडत नाही. पण दर मंगळवारी संध्याकाळी मी कुठे असते हे लिहिलं की ते माझं वेळापत्रक होतं. लहान मुलांच्या शाळेचा गणवेश, फाटक, बस यांचे फोटो यातच आले.

'नको' म्हणण्याबद्दल मीच विचारलं होतं. आता मी सरळ म्हणते, "फोटोत येते, पण आज टाकू नका." पहिल्या दोन वेळा जीभ जड झाली. समोरच्यांनी 'बरं' म्हटलं आणि पुढे गेले, मला वाटलं होतं तसं काही झालं नाही.

होकायंत्र:

यात एक भर. अंतर दाखवणारी अ‍ॅप्स असतात ना, 'अमुक व्यक्ती तुमच्यापासून इतकी लांब', तीही निरुपद्रवी नाहीत. २०१४ मध्ये टिंडरमधली अशी त्रुटी सुरक्षातज्ज्ञांनी उघड केली होती. अ‍ॅप पडद्यामागे अंतर फार अचूक पाठवत होतं. तीन वेगवेगळ्या जागांवरून तीन अंतरं घेतली की तीन वर्तुळं काढायची, ती जिथे छेदतात तिथे माणूस. आमच्या मोजणीत आम्ही हेच करतो. ती त्रुटी नंतर दुरुस्त झाली, पण तत्त्व लक्षात ठेवा.

आणि आज एक काम सगळ्यांनी करा. गूगल मॅप्स उघडा, स्वतःच्या चित्रावर दाबा, 'लोकेशन शेअरिंग' बघा. तिथे 'बंद करेपर्यंत' असा एक पर्याय असतो. घाईत कधीतरी तो निवडलेला असतो आणि आपण विसरून जातो.

पहाटपावलं:

बघितलं. माझ्या यादीत बायको आणि भाऊ. दोघांना माहीत आहे. ठीक.

अर्धीवाट:

माझी यादी रिकामी. स्नॅपचॅटवर मात्र शंभरेक जणांना नकाशावर दिसत होते, त्यातल्या निम्म्यांना मी कधी भेटलेलीही नाही. घोस्ट मोड लावला.

दोन_पोरांची_आई:

मी पण बघितलं. तीन नावं होती. नवरा, थोरली, आणि जुन्या ऑफिसातले एक सहकारी. एकदा सगळे मिळून कार्यक्रमाला जाताना गाड्या चुकू नयेत म्हणून त्यांना पाठवलं होतं. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी घरी कधी असते, पोरींना आणायला कधी निघते, आई आजारी असताना हॉस्पिटलमध्ये किती रात्री होते, ते सगळं त्यांना दिसत होतं. ते सज्जन आहेत, त्यांनी कदाचित कधी उघडूनही पाहिलं नसेल. तरी बंद करताना माझा हात थरथरत होता.

थोरली शेजारीच बसली होती. म्हणाली, "आई, आता कळलं का मला कसं वाटतं ते?"